अळ्यांनी पसंत केलेली गाडी

...तर रेल्वे फाटकापाशी गाडी बंद पडली. म्हणजे मला वाटलं बंद पडली. गाडीत आम्ही तिघं. चाकावर आमची मीना, तिच्या शेजारी जालन्याचा जुन्या गाड्यांचा दलाल सूरज, आणि मागं मी, मांडीवर रेशमाच्या अळ्यांचा ट्रे घेऊन. मी विचारलं, "गेली का हो?"

सूरज हसला. "नाना, हायब्रिड हाय ही. थांबली की इंजन आपोआप बंद. पेट्रोलची बचत. फाटक उघडू द्या, मंग बघा."

फाटक उघडलं, गाडी गुरगुरून निघाली, आणि सूरजनं माझ्याकडं असं पाहिलं, जशी ती गाडी त्यानंच शिकवून तयार केली होती. मीनाचं मात्र तिकडं लक्षच नव्हतं. पुढं रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन तिनं ट्रेमध्ये खोवलेला थर्मामीटर माझ्याकडून मागून घेतला.

"फाटकावर किती वेळ थांबलो, नाना?"

"सहा-सात मिनिटं."

"तेवढ्यात सत्तावीसचे तीस झाले. इंजन बंद झालं की तुमचा एसी नुस्ता पंखा होऊन राह्यला, सूरजभाऊ."

काल गोष्ट इथंच अडकली, कारण आमच्या घरधनिणीनं, गोजरबाईनं, ताट वाढलं, आणि तिनं वाढलेलं ताट थांबवायची हिंमत मला पन्नास वर्षांत झालेली नाही. तर पुढं ऐका. सूरज म्हणाला, "ताई, मार्च महिना हाय, एवढं तर होणारच. काच खाली करा ना."

"काच खाली केली की धूळ येती. शेजारच्या रानातला फवाऱ्याचा वास येतो. माझ्या गिऱ्हाइकाला चालत न्हाई."

"कोण गिऱ्हाईक?"

"नानांच्या मांडीवर हाय."

सूरजनं वळून ट्रेमध्ये पाहिलं. अळ्या कोवळी तुती खात होत्या. बिचारा एवढंच म्हणाला, "मी वीस वर्षं गाड्या विकून राह्यलो. किड्यांना फिरवून दाखवायची बारी पहिल्यांदा आली."

ज्यांना मीना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझे थोरले भाऊ काकासाहेब, त्यांची ती सून, आमच्या कल्याणची बायको. आम्ही सगळे आष्टीचे. ती जांब समर्थची. तिच्या वडिलांचं तिथं देवळाच्या वाटेवर फुलांचं दुकान होतं. आम्ही तिला पाहायला गेलो तेव्हा वैशाखातलं ऊन, आणि ही पोरगी टोपल्यांवरची ओली फडकी बदलत उभी. घरातून हाक आली की पाहुणे आले, आत ये. तिनं तिथूनच सांगितलं, "दहा मिनिटं बसा म्हणावं. पाहुणे थांबतील, मोगरा थांबणार न्हाई." काकासाहेब तिथंच उठले. रागानं उठले. मी सदरा धरून त्यांना खाली बसवलं आणि म्हणालो, दादा, हीच पोरगी करायची. माझं शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत, पण माणूस वाचताना मी सहसा चुकत नाही. एवढा एक गुण माझ्यात आहे. अवगुणाचं पुढं येईल.

लग्नानंतर बारा वर्षं तिनं आमच्या रानात कापूस वेचला. मग एकदा रेशीमवाल्यांच्या शिबिराला गेली आणि परत आली ती ठरवूनच. रेशमाची अळी अंड्यातून निघते तेव्हा मुंगीएवढी असते. पहिले आठ-दहा दिवस तिला तान्ह्या लेकरासारखं जपावं लागतं. उष्णता सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर नको, हवा ओली हवी, पाला कोवळा आणि बारीक चिरलेला हवा. एवढं निभावलं की ती पिल्लं शेतकऱ्याला द्यायची. धंद्यात त्यांना चॉकी म्हणतात. शेतकरी पुढं तीन आठवडे तुती घालून वाढवतो, आणि तयार कोष जालन्याच्या बाजारात नेतो. तर तान्ही पिल्लं सांभाळायचं हे काम मीना करते. आमच्या जुन्या कडब्याच्या जागी तिनं खोली बांधली आणि दारावर पाटी लावली: "तंबाखू खाणाऱ्यांनी आत येऊ नये." आमच्या घरात तंबाखू खाणारा एकच आहे. तंबाखूचा नुसता हात लागलेला पाला खाल्ला तरी अळी मान टाकते म्हणे. मी ती पाटी सहा वर्षं बाहेरून वाचली.

खोलीत सगळं तिच्या हातात होतं. घात व्हायचा तो वाटेत. गेल्या मे महिन्यात टेंभुर्णीच्या पुष्पाबाईची चॉकी भाड्याच्या जीपनं चालली होती. आष्टीहून टेंभुर्णी म्हणजे जिल्ह्याचं हे टोक आणि ते टोक. कात टाकायला बसलेल्या अळ्या पहाटेच्या गारव्यात पोचवायच्या असतात. पण जीप निघाली उशिरा, त्यात ड्रायव्हर चहाला थांबला. डिझेल वाचवायला त्यानं गाडी बंद केली, काचा तशाच लावलेल्या. मीना दुकानातून पाण्याची बाटली घेऊन येईपर्यंत आतल्या हवेची भट्टी झालेली. टेंभुर्णीत पोचल्यावर अर्ध्याहून जास्त अळ्या हलेनात. पुष्पाबाईनं पहाटेपासून पाला तोडून ठेवला होता. ती विधवा बाई, एक एकर तुती, सगळा संसार त्या कोषांवर. ती चिडली नाही. म्हणाली, "पोरी, तुझा राग न्हाई मला. पण एवढ्या लांबून आणायचं म्हंजे जुगार झाला. मी दुसरीकडून घेईन."

मीनानं तिचे पैसे परत केले आणि म्हणाली, "मला एक बारी आणखी द्या. पुढच्या उन्हाळ्यात, वीस एप्रिलला, माझ्या स्वतःच्या गाडीत आणून देते. त्यात गडबड झाली तर मी स्वतः तुम्हाला दुसऱ्या केंद्राचा नंबर देईन." पुष्पाबाईच्या बोलण्यावर टेंभुर्णीकडचे दुसरे चौदाजण चालतात. ते गेले तर मीनाच्या खोलीला कुलूप लागणार हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. त्या दिवसापासून घरात गाडीशिवाय दुसरा विषय राहिला नाही.

कल्याणचं म्हणणं, जुनी डिझेल घे, कुठंही मेकॅनिक मिळतो. मीना म्हणाली, "एकेका शेतकऱ्याच्या दारात अर्धा-अर्धा तास उभं राहावं लागतं. तेवढा वेळ इंजन चालू ठेवून एसी लावला तर डिझेलचा खर्चा मलाच खाऊन टाकील." नुसत्या विजेच्या गाडीचाही विचार झाला, पण जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर, वर दिवसभर एसी, आणि आष्टीची वीज! सीएनजीची टाकी डिकी खाते. शेवटी तिनं कुठून कुठून माहिती काढली की पुऱ्या हायब्रिड गाडीत एसी मोठ्या बॅटरीवर चालतो. गाडी उभी असली, इंजिन गप्प असलं, तरी आत गार. आणि तीन-चार वर्षं वापरलेली घेतली तर नवीच्या निम्म्याहून थोडी जास्त किंमत. नवी आपल्या ऐपतीबाहेर, जुनी ऐपतीत. कल्याण म्हणाला, "बॅटरी गेली तर? जुनी बॅटरी घेणं म्हंजे दुसऱ्याचं दुखणं पैसे देऊन घरी आणणं."

"दुखणं हाय का न्हाई ते तपासूनच आणीन," ती म्हणाली.

तर आपण सूरजपाशी होतो. त्याची गाडी अर्धी-मुर्धी हायब्रिड निघाली. मागं बिल्ला लावलेला, पण बॅटरी एवढीशी, एसीला तिचा उपयोग नाही. मीनानं शांतपणे किल्ली परत दिली. मला ती गाडी फार आवडली होती, लाल रंग होता, पण मला कोण विचारतो. सूरज मात्र माणूस बरा. आम्ही निघालो तर मागून आला. "ताई, तुम्हाला पाहिजे तशी एक हाय. माझी न्हाई. नरहरराव म्हणून पाटबंधाऱ्याचे रिटायर साहेब हायेत, लेकीकडं पुण्याला चालले. माणूस कटकट्या हाय. तुमचं जमंल."

पुढच्या आठवड्यात मीना मला घेऊन परत जालन्याला निघाली. कल्याण रानात अडकलेला, आणि ट्रे धरायला कुणीतरी लागतंच. या खेपेला दोन ट्रे, एकावर एक. निघताना तिनं विचारलं, "नाना, पुडी घरी ठेवली ना?"

मी हो म्हणालो.

हे लक्षात ठेवा.

नरहररावांच्या घरी आम्ही दुपारी एकला पोचलो. पांढरी गाडी, चार वर्षांची, आत बसायला सुद्धा चप्पल झटकून बसावं अशी. साहेबांनी आधी फाईल दाखवली. प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती तारखेप्रमाणे लावलेली. मीनानंही पिशवीतून कागद काढला. फोनवर साहेबांची परवानगी घेऊन तिनं आदल्या दिवशीच कंपनीच्या वर्कशॉपात गाडीची बॅटरी तपासून घेतली होती, आणि बॅटरीची आठ वर्षांची हमी दुसऱ्या मालकालाही लागू आहे, हे तिथून लिहून आणलं होतं. नरहरराव चष्म्यावरून पाहत राहिले. "हे मलासुद्धा विचारायचं सुचलं नव्हतं," ते म्हणाले.

मग तिनं मागची सीट उचलली, डिकी मापली, सीटजवळची एक जाळी पाहून विचारलं. साहेबांनी सांगितलं, बॅटरी थंड राहावी म्हणून तिथून हवा आत जाते, तिच्यावर काही टेकवायचं नाही. "मंग मधे लाकडाची पट्टी ठोकीन, ट्रे सरकणार न्हाई," मीना म्हणाली. "आता शेवटचं. गाडी उन्हात उभी करा. एसी चालू ठेवून एक तास अळ्या आत ठेवायच्या."

"चार वाजता संभाजीनगरहून एक गृहस्थ गाडी बघायला येणार आहेत," नरहरराव म्हणाले. "तोपर्यंत गाडी तुमची."

मला आत बसवलं. काम एकच, थर्मामीटरवर नजर ठेवायची. मीना ओसरीवर फाईल वाचत बसली. आणि काय सांगू, गाडी सुरू आहे हे मला पाच मिनिटं कळलंच नाही. आवाज नाही, थरथर नाही. मधेच कुठंतरी इंजिन जागं व्हायचं, बॅटरी भरायचं आणि पुन्हा झोपायचं. बाहेर रस्ता उन्हानं हलत होता आणि काटा सत्तावीसवर. एवढ्या गारव्यात, एवढ्या शांततेत माणसाचा हात आपोआप कुठं जातो? माझा खिशात गेला. पुडी निघाली. उतरून दोन मिनिटं भिंतीकडं उभा राहिलो, मळली, खाल्ली, थुंकलो, चूळ भरली, धोतराला हात पुसले, परत आत येऊन बसलो. आता वरच्या ट्रेमधला पाला संपत आला होता. मला वाटलं, लेकरं उपाशी आहेत. चिरलेला पाला पिशवीत होताच. सहा वर्षांत मला कुणी अळीला घास घालू दिला नव्हता. मी चांगला मूठभर पसरला. मोठ्या मायेनं पसरला.

वीस मिनिटांत वरच्या अळ्यांनी माना वर केल्या. डोलायला लागल्या. काहींच्या तोंडातून हिरवं पाणी आलं. मी मीनाला हाक मारली.

तिनं पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. सीटचा वास घेतला, पायपुसण्यांचा घेतला, एसीच्या जाळीला नाक लावलं. "साहेब, गाडीत काही फवारलं का? झुरळाचं औषध, सेंट?"

"मी या गाडीत अगरबत्ती लावलेली नाही," नरहरराव म्हणाले. त्यांना लागलं ते. "तुम्ही काय समजता?"

"तुम्ही खोटं बोलता असं न्हाई म्हणत. पण अळीला जे कळतं ते आपल्याला कळत न्हाई." तिनं ट्रे उचलले. "गाडी चांगली हाय. पण माझ्या कामाची न्हाई. नाना, चला."

तीन वाजायला आले होते. ती फाटकापर्यंत गेली, मागं मी. माझा हात खिशातल्या पुडीवर. मला पुष्पाबाईचं तोडलेलं तुतीचं बिंडं दिसत होतं, जे मी कधी पाहिलंच नव्हतं. मनात येत होतं, गप्प राहावं. दुसरी गाडी मिळेल. कुणाला कळतंय? मग मीना फाटकाची कडी काढताना थांबली, आणि पदरानं ट्रेवर सावली धरली. तशीच, जशी ती त्या वैशाखात मोगऱ्यावर ओली फडकी घालत होती. मग माझ्याच्यानं राहवलं नाही.

"मीना," मी म्हणालो, "पुडी खिशात हाय. मघा मळली. त्याच हातानं पाला टाकला. वरच्या ट्रेमधे."

तिनं माझ्याकडं पाहिलं. वरचा ट्रे बाजूला केला आणि खालचा पाहिला. खालच्या अळ्या मजेत खात होत्या. त्याच गाडीत, त्याच हवेत, तेवढाच वेळ. तिनं दोन्ही ट्रे उचलले आणि वळून सरळ ओसरीवर गेली. "साहेब, चूक आमची हाय, तुमच्या गाडीची न्हाई. चारपर्यंत गाडी माझी म्हणाला होता ना तुम्ही? मला राहिलेला तास द्या."

नरहरराव हसले नाहीत, पण किल्ली पुढं केली. वरच्या ट्रेमधला माझा पाला तिनं एकेक पान वेचून काढला, ताजा घातला, आणि तो ट्रे ओसरीवर सावलीत ठेवला. खालचा गाडीत. मला नरहररावांच्या मोरीत तीनदा साबणानं हात धुवायला लावले आणि मग पायरीवर बसवलं, गाडीपासून वीस पावलं लांब. पुडी साहेबांनीच मागून घेतली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मला म्हणाले, "आजोबा, माझ्या गाडीची एवढी परीक्षा आरटीओनंसुद्धा घेतली नव्हती. आणि नापास झालात ते तुम्ही."

चारला पाच कमी असताना मीनानं दार उघडलं. काटा सत्तावीसवर. अळ्यांनी पाल्याची जाळी करून टाकलेली. ओसरीवरच्या ट्रेमधल्या पण बऱ्याचशा पुन्हा खायला लागल्या होत्या, थोड्या गेल्या, त्या गेल्या. मीना म्हणाली, "साहेब, गाडी घेतली." तिनं विसार त्यांच्या हातात ठेवला, आणि तेवढ्यात संभाजीनगरचे गृहस्थ फाटकात उभे. नरहररावांनी तिथूनच सांगितलं, "माफ करा, गाडी गेली. यांनी माझ्यापेक्षा जास्त वाचलीय तिची फाईल."

घरी आल्यावर मीनानं कुणाला काही सांगितलं नाही. मीच गोजरबाईला सांगितलं, कारण नाहीतर ते माझ्या पोटात राहिलं असतं. गोजरबाई म्हणाली, "पन्नास वर्षं मी सांगून राह्यले ते ऐकलं न्हाई. आता किड्यांनी सांगितलं." त्या दिवसापासून मी तंबाखूला हात लावलेला नाही. दात शिवशिवतात, बोटं उगाच तळहातावर फिरतात, पण नाही म्हणजे नाही.

वीस एप्रिलला पहाटे चारला गाडी आष्टीहून निघाली. मधे लाकडी पट्टी, पट्टीला टेकून ट्रेच्या चळती, चाकावर मीना. मला कुणी चल म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. नऊ वाजता फोन आला. मीनानं फोन पुष्पाबाईकडं दिला होता. पलीकडून ती म्हणाली, "नाना, मी ट्रे हातात घेतला तर थंडगार. दारात पाऊण तास गाडी उभी होती, माझी खोली धुऊन व्हायची होती. एक अळी मेली न्हाई. चौदाजण बघाया आले हायेत. मीनाला म्हटलं, आषाढाची बारी पण तूच आण."

दुपारी मीना घरी आली. गाडी झाडाखाली लावली, ट्रे उतरवून चुन्याच्या पाण्यात टाकले, आणि पायरीवर येऊन बसली. मी तिला पाणी दिलं. इकडचं तिकडचं विचारलं, रस्ता कसा, पेट्रोल किती लागलं. मग विचारलंच, "आषाढाच्या बारीला मला नेशील का? मागच्या सीटवर न्हाई, पुढं बसतो."

तिनं पाणी संपवलं, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली:

"आषाढापर्यंत पुडी सुटलेली राह्यली तर पुढच्या सीटवर बसा, नाना. थर्मामीटर पण तुमच्याच हातात देते. पण पाला मीच टाकीन."